बेघर तरुणांचा पत्ता कोणता?

सप्टेंबर 1917 मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बाबासाहेब मुंबईहून बडोद्याला गेले. कोलंबिया विद्यापीठातील उच्च शिक्षण पाठीशी, लंडनचा अभ्यास अर्धवट राहिलेला, वय अवघे 26. नोकरी होती, परंतु राहण्यास जागा कोणी देईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांना राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधला वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. ही सर्व हकिगत त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवली आहे.

जयंतीच्या व्याख्यानांतून आपण हा प्रसंग अस्पृश्यतेच्या संदर्भात ऐकतो व ते यथार्थच आहे. परंतु गेली काही वर्षे आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. त्या तरुणाजवळ पदव्या होत्या, पगार होता, भाडे देण्याची तयारी होती. "याची जबाबदारी आमची, याला खोली द्या" असे म्हणणारा एक माणूस मात्र त्या शहरात त्याला मिळाला नाही. आज आपल्या शहरांतून हजारो मुले-मुली अठरा ते पंचवीस या वयात नेमक्या याच अवस्थेत वावरत आहेत. त्यांच्यासाठी शासनाच्या योजना कोणत्या, त्या कोठे अडतात आणि आपल्या संघासारख्या लहान संस्थेला काय करता येईल, याचा थोडा ऊहापोह करावा असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आकडे सांगतो. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17 लाख 73 हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. त्यांपैकी 2 लाख 10 हजारांहून अधिक महाराष्ट्रात आणि सुमारे 57 हजार बृहन्मुंबईत होती. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. एका रात्रीत फूटपाथवरची आणि फलाटावरची डोकी मोजायची म्हटल्यावर कित्येक सुटणारच. त्यातून जो मुलगा चार दिवस मित्राच्या खोलीत, चार दिवस हॉटेलच्या माळ्यावर आणि उरलेले दिवस कुर्ला टर्मिनसवर काढतो, तो अशा मोजणीत सापडणे कठीण. तरुणांचे बेघरपण बहुधा असेच असते. तो कपडे इस्त्री करून कामावर जातो, कॉलेजातही जातो, आणि शेजारी बसणाऱ्याला पत्ता लागत नाही.

हे तरुण येतात कोठून? काही बालगृहात वाढलेले व वयाच्या अठराव्या वर्षी बाहेर पडलेले. काही घरातील मारहाणीला किंवा दारूला कंटाळून मिळेल त्या गाडीत बसून दादरला उतरलेले. काहींची झोपडी पाडली गेली आणि पुनर्वसनाच्या यादीत नाव आले नाही. आणि काही फूटपाथवरच जन्मलेले. त्यांच्या आजोबांनी 1972 च्या दुष्काळात मराठवाडा सोडला होता. येथे आपण थोडे थांबावे असे आम्हाला वाटते. आपल्या संघातील अनेकांचे आईवडील त्याच दुष्काळात, त्याच गाड्यांतून मुंबईला आले. कोणाला गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायला जागा मिळाली, कोणाला मिळाली नाही. ज्यांना मिळाली त्यांची मुले आज बँकेत, रेल्वेत, महापालिकेत आहेत व स्मरणिकेत लेख लिहीत आहेत.

आता बँकेचा विषय निघालाच आहे तर आमचा एक अनुभव सांगणे अगत्याचे आहे, कारण या प्रश्नाकडे आमचे लक्ष त्यामुळेच गेले. 2012 च्या उन्हाळ्यात एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आमच्या काउंटरवर खाते उघडायला आला. एका केटररकडे वाढप्याचे काम करीत होता. मालक पगार स्वतःजवळ ठेवी आणि मागितला की अर्धाच हातावर टेकवी. म्हणून मिळाले तेवढे बँकेत ठेवावे असे त्याच्या मनात आले होते. रुमालात बांधलेले अठराशे रुपये त्याने पुढे ठेवले. आम्ही फॉर्म दिला. पत्त्याच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. "साहेब, ब्रिजखाली असे लिहू का?" त्याने विचारले. मागे रांग होती. पत्त्याचा पुरावा घेऊन ये, असे सांगून आम्ही त्याला परत पाठवले. तो पुन्हा आला नाही.

वास्तविक त्याला परत पाठवण्याचे कारण नव्हते. डिसेंबर 2010 मध्येच नियमांत दुरुस्ती होऊन 'छोटे खाते' नावाची सोय झाली होती. ज्याच्याजवळ कोणताही अधिकृत कागद नाही, त्याने बँक अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या फोटोवर सही किंवा अंगठा केला की हे खाते उघडता येते. त्यात कोणत्याही वेळी 50,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात जमा 1 लाखापेक्षा जास्त होता कामा नये व महिन्याला 10,000 रुपयांपर्यंतच काढता येतात. मुदत बारा महिन्यांची. त्या काळात कागदांसाठी अर्ज केल्याचे दाखवले तर आणखी बारा महिने. अठराशे रुपयांच्या मुलाला याहून अधिक काय हवे होते? ते परिपत्रक आमच्याच टेबलाच्या खणात होते. आम्ही ते वाचले होते, विसरलो होतो. ऑगस्ट 2014 मध्ये जन-धन योजना आल्यावर शाखाशाखांतून शिबिरे झाली, तेव्हा हा नियम आम्हाला पुन्हा तोंडपाठ झाला. त्या मुलाला त्याचा काय उपयोग!

विद्यार्थी वाचकांनी हा नियम लक्षात ठेवावा. बँकेत कोणी नकार दिला तर नम्रपणे 'छोटे खाते' हा शब्द उच्चारावा, आणि तरीही नकार आला तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा.

खात्याला आम्ही एवढे महत्त्व का देतो, तेही सांगतो. खाते नसले की मजुरी रोख मिळते व ती अंगावर बाळगावी लागते. उघड्यावर झोपणाऱ्याची रोकड किती दिवस टिकणार? रोकड टिकत नाही म्हणून खोलीची अनामत रक्कम साठत नाही. अनामत नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून भाडेकरार नाही, आणि करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. असे हे चक्र आहे. त्यात आता मोबाईलची भर पडली आहे. आधार कार्डाचे काम असो की डिजिलॉकर, ओटीपी ज्या नंबरवर जातो तो फोन झोपेत चोरीला गेला की सर्व कुलपांची किल्ली एकदम हरवते. नवे सिम घ्यावे तर पुन्हा ओळखपत्र पाहिजे. लहानपणी संस्थेत आधार काढलेल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. जो मुलगा चौदाव्या वर्षीच पळाला, त्याचे ठसे पुढे यंत्रावर जुळत नाहीत आणि तोच तो असल्याचे त्याला सिद्ध करता येत नाही.

आता कायद्याकडे वळू. बाल न्याय अधिनियम, 2015 हा जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्याच्या कलम 46 प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्या मुलास अर्थसाहाय्य देता येते. यालाच अनुरक्षण असे म्हणतात. 2016 च्या आदर्श नियमांत ही मदत एकविसाव्या वर्षापर्यंत व अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे मिळण्याची तरतूद आहे. मुलगा बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढील राहण्याची, शिक्षणाची, रोजगाराची योजना तयार करून ती बाल कल्याण समितीपुढे ठेवावी, असेही त्या नियमांत म्हटले आहे. 2022 पासूनच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत अशा तरुणासाठी दरमहा 4,000 रुपये धरलेले आहेत. 2018 साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला.

कागदावर हे सर्व चांगलेच आहे. परंतु बाल न्याय कायद्याची मदत संस्थेतून रीतसर बाहेर पडलेल्यांसाठी आहे. जो सोळाव्या वर्षी पळून गेला, किंवा जो कधी संस्थेत गेलाच नाही, तो या मदतीच्या बाहेर राहतो. आणि ही रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. म्हणजे फिरून पुन्हा आमचा काउंटर आलाच!

यातला मुख्य शत्रू विलंब आहे, हे आपल्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थ्याच्या उदाहरणावरून आम्हाला कळले. त्याचे नाव येथे देत नाही. तो सकाळी सर्वांच्या आधी येई आणि रात्री दिवा बंद होईपर्यंत बसे. मोठा अभ्यासू मुलगा म्हणून आम्ही त्याचे कौतुक करीत होतो. एका जुलैमध्ये तो भिजलेली फाईल घेऊन आला आणि पंख्याखाली एकेक कागद वाळत घालू लागला. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बालगृहाचे पत्र. तेव्हा समजले की हा दीड वर्ष स्टेशनवर झोपत आहे आणि ही फाईल रात्री उशाला घेतो. त्या वेळी त्याचे वय वीस वर्षे पाच महिने होते. संघाच्या दोन कार्यकर्त्यांनी त्याच्यासोबत संबंधित कार्यालयात खेटे घातले. एक कागद दुसऱ्या जिल्ह्यातून यायचा होता. तो येईपर्यंत मुलगा एकवीस वर्षांचा झाला. पुढे अपवादाच्या तरतुदीवर बोट ठेवून अर्ज पुन्हा करावा लागला व अखेरीस मदत मिळाली, पण मधली एक परीक्षा त्याच्या हातून गेली. अठराव्या वाढदिवसाच्या आधी कोणी या मुलाच्या शेजारी उभे राहिले असते तर हे टळले असते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक अडचण ध्यानात घ्यावी. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी केवढा लढा झाला, हे ज्येष्ठांना सांगणे नको. परंतु महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या मुलाला आजोबांचे गाव माहीत नाही, त्याने तो कोठून आणावा? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शासकीय वसतिगृह नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये, ही योजना म्हणून उत्तमच आहे. पण तिच्या मूळ नियमांत विद्यार्थी त्या शहरातील स्थानिक रहिवासी नसावा अशी अट होती. स्थानिक मुलाला स्वतःचे घर असणारच, असे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले. मुंबईच्या फूटपाथवर जन्मलेला मुलगा मात्र मुंबईचा स्थानिक ठरतो आणि त्याला खोली नसते. या अटीबद्दल समाज कल्याण खात्याकडे निवेदन देण्याचे काम आपल्या विद्यार्थी विभागाने अंगावर घ्यावे.

रात्रनिवाऱ्यांविषयी थोडक्यात लिहितो. 2010 सालापासून सर्वोच्च न्यायालयाने याबाबत वेळोवेळी आदेश दिले. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायम निवारा व प्रत्येक माणसास किमान 50 चौरस फूट जागा असे प्रमाण ठरले. मुंबईची लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 1 कोटी 24 लाख होती. त्या हिशेबाने 124 निवारे झाले पाहिजेत. ही संख्या मुंबईने कधी गाठलेली नाही. या निवाऱ्यांत स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध व आजारी यांच्यासाठी वेगळ्या व्यवस्थेचा विचार आहे, पण एकोणीस वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांच्या व्यसनी माणसाशेजारी झोपावे लागू नये, याचा स्वतंत्र विचार आम्हाला कोठे आढळला नाही. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपण्याची आणि अभ्यास करणाऱ्याला दिव्याची गरज असते, हाही मुद्दा आहेच. तृतीयपंथी तरुणांसाठी मात्र 'गरिमा गृह' ही वेगळी योजना झाली. तिच्यातील एका गृहाचे उद्घाटन नोव्हेंबर 2020 मध्ये झाले ते बडोद्यात! ज्या शहरात 1917 साली आपल्या उद्धारकर्त्याला छप्पर मिळाले नाही तेथे हे व्हावे, याचा आम्हाला विशेष आनंद वाटतो.

मुलींविषयी एवढेच लिहितो की त्या फलाटावर कमी दिसतात म्हणून त्या बेघर नाहीत असे समजू नये. त्या दूरच्या नातेवाइकांकडे मोलकरणीसारख्या राहतात, नाहीतर जागेसाठी नको त्या स्थळाला होकार देतात. महिला मंडळाने या विषयावर स्वतंत्रपणे लिहावे.

आता स्वतःकडे पाहू. काही वर्षांपूर्वी आपल्या विहाराच्या ओट्यावर रात्री तीन-चार मुले झोपू लागली. तक्रारी आल्या व ओट्याला ग्रिल लावण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आला. त्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी सोपाकाची आठवण करून दिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती कथा आहे. स्मशानात जन्मलेला, स्मशानाच्या राखणदाराने वाढवलेला सात वर्षांचा मुलगा. तथागतांनी त्याला वडिलांची संमती आणण्यास सांगितले आणि संघात घेतले. बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. नंतर मतदान झाले आणि ग्रिल बसले. ठरावाच्या बाजूने आम्हीही हात वर केला होता. विहारातील वस्तूंची काळजी, शेजाऱ्यांशी सलोखा, ही कारणे खोटी नव्हती. पण ती मुले पुढे कोठे गेली, हे विचारण्याचा ठराव आपण केला नाही.

1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. शाळा सरकारी असली तरी तेथवर पोहोचणाऱ्या मुलाला पाठ टेकायला जागा पाहिजे, हे बाबासाहेबांनी किती आधी ओळखले होते! आपल्या संघाची ऐपत वसतिगृह बांधण्याची नाही. दरवर्षी वार्षिक सभेत भूखंडाची मागणी होते, टाळ्या पडतात आणि विषय पुढील वर्षावर जातो. भूखंडाची वाट न पाहता करता येण्यासारखी कामे पुष्कळ आहेत.

सर्वात सोपे काम म्हणजे सोबत जाणे. एकटा मुलगा कार्यालयात गेला की "उद्या या". पांढऱ्या केसांचा एक निवृत्त सभासद शेजारी असला की त्याच टेबलावर खुर्ची मिळते. हे योग्य नाही, पण असे आहे. आपल्याकडे निवृत्त कारकून, शिक्षक, तलाठी कितीतरी आहेत. कोणता कागद कोठे मिळतो हे त्यांना जेवढे कळते तेवढे कोणत्याही पुस्तकात नाही. उदाहरणार्थ, मतदार यादीत नाव घालण्यासाठी बेघर नागरिकाला पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात झोपण्याची जागा लिहायची आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तेथे येऊन, एकाहून अधिक रात्री, खात्री करून घ्यायची, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. मतदार ओळखपत्र बँकेत चालते. आधारसाठीही मान्यताप्राप्त निवारागृहाच्या किंवा अनाथालयाच्या प्रमुखाचे, आमदारांचे, तहसीलदारांचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. हे नियम मुलाला ठाऊक नसतात आणि पुष्कळदा टेबलामागच्या माणसालाही नसतात. आमचे उदाहरण वर दिलेच आहे.

दुसरे काम अनामत रकमेचे. चार मुलांनी मिळून खोली घेतली तर दरमहाचे भाडे त्यांना झेपते. एकरकमी अनामत झेपत नाही. संघाच्या कल्याण निधीतून ती बिनव्याजी द्यावी, भाडेकराराची एक प्रत संघाकडे असावी व जागा सोडताना रक्कम घरमालकाने थेट संघाला परत करावी. बँकेतील माणूस म्हणून आम्ही सांगतो, असे कर्ज बुडण्याचा धोका कमी असतो, कारण पैसा मुलाच्या हातात न जाता मालकाकडे पडून राहतो. मालकाला मात्र पैशापेक्षा जामीन हवा असतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देताना ओळखीचा माणूस म्हणून कोणाचे नाव लिहायचे? तेथे दोन सभासदांनी आपली नावे द्यावीत. यात थोडी जोखीम आहे. ती नाही असे आम्ही म्हणणार नाही.

अभ्यासिका सध्या रात्री दहाला बंद होते. ती परीक्षेच्या दिवसांत रात्रभर उघडी ठेवावी आणि सकाळी मुलांना अंघोळ करता यावी म्हणून मागच्या न्हाणीघराची दुरुस्ती करावी, असा अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. पाण्याच्या बिलावरून त्यावर चर्चा चालू आहे.

कागदांचे काम मात्र सुरू झाले. पावसात भिजलेली ती फाईल पाहिल्यानंतर एका सभासदाने आपले जुने लोखंडी कपाट संघाला दिले. अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत ते ठेवले आहे. ज्या मुलाला कागद सुरक्षित ठेवायचे असतील त्याने ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्यावेत. वहीत नोंद होते, पावती मिळते, झेरॉक्सचा एक संच त्याच्याजवळ राहतो. कोणताही प्रश्न विचारला जात नाही. किल्ल्या दोन आहेत, एक ग्रंथपालांकडे व एक आमच्याकडे. बँक सुटल्यावर संध्याकाळी साडेसहा ते आठ आम्ही तेथे असतो. सध्या कपाटात अकरा पाकिटे आहेत. त्यांपैकी दोन मुलींची आहेत.